विज्ञानासाठी फ्लिप्ड क्लासरूम खरंच उपयोगी पडते का? मुलीच्या शाळेत नववीपासून सुरू करतायत.

पडते, पण व्हिडिओमुळे नाही. मी नववी-दहावीला विज्ञान शिकवतो, त्यावरून सांगतो.

धडा घरी व्हिडिओवर बघायचा आणि गृहपाठ वर्गात करायचा, ही फ्लिप्ड क्लासरूमची पद्धत २००७ च्या सुमारास कोलोरॅडोतल्या जोनाथन बर्गमन आणि एरन सॅम्स या रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी रुळवली. तेव्हापासून सगळं कौतुक व्हिडिओच्याच वाट्याला आलंय. २०१५ मध्ये अमेरिकेत कॉलेजच्या जीवशास्त्राच्या वर्गांची तुलना झाली. दोन्हीकडे मुलांना डोकं चालवायला लावलं होतं, फ्लिप्ड मात्र एकच. निकालात म्हणावा असा फरक नव्हता. उलट २०१४ च्या एका आढाव्यात कॉलेजच्या विज्ञान-गणिताचे २२५ अभ्यास एकत्र केले, तेव्हा नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत सुमारे ३४ टक्के मुलं नापास होत होती आणि मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गांत सुमारे २२ टक्के.

धाराविद्युतचा धडा घ्या. एक बॅटरी, दोन सारखे बल्ब, एकसर जोडणी, म्हणजे एकामागून एक जोडलेले. स्विच दाबण्याआधी मी विचारतो, कुठला बल्ब जास्त उजळेल? भराभर हात वर येतात. ‘पहिला! दुसऱ्यापर्यंत पोचेतो करंट कमी होतो ना, सर.’ आदल्या रात्री व्हिडिओ बघून याच मुलांनी वहीत लिहिलेलं असतं, की एकसर जोडणीत धारा सगळीकडे सारखीच! मग शेजाऱ्याशी वाद घालायचा, पुन्हा हात वर करायचे. (हार्वर्डचे एरिक माझूर १९९१ मध्ये भौतिकशास्त्र असंच शिकवायला लागले.) मग स्विच. दोन्ही बल्ब सारखेच. तरी एखादा अडून बसतोच, म्हणून करंट मोजणारा अ‍ॅमीटर आधी, मध्ये आणि शेवटी असा तिन्ही ठिकाणी लावून बघायचा. हे सगळं आणि फळ्यावरचं शिकवणं एका तासात बसत नाही. व्हिडिओचा उपयोग तेवढाच, वेळ मोकळा होतो.

‘सर शिकवतच नाहीत’ ही तक्रार घरी येणार, हे धरून चाला. २०१९ मध्ये हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनाही अशा तासांत आपण कमी शिकलो असंच वाटलं होतं. चाचणीत गुण मात्र जास्त पडले.

शाळेत एवढंच विचारा, की मोकळ्या झालेल्या तासात काय करून घेणार? नुसती वर्कशीट भरून घेणार असतील तर फार आशा ठेवू नका. आणि घरात फोन एकच असेल तर व्हिडिओवाचून अडत नाही. पाठ्यपुस्तकाची दोन पानं वाचून आलेल्या मुलांवरही माझा तास नीट चालतो.