पिपा बांधून मारलेली उडी

बाबू,

तुझा मेसेज वाचला. तुमच्या वेळी लोकांत डेअरिंग होती, आता हेल्मेट घाला, मास्क लावा, इकडं जाऊ नको तिकडं जाऊ नको, यानंच पोट्टे भित्रे झाले म्हणतो. अर्धं बरोबर आहे.

पण जे तुले डेअरिंग वाटते ते आम्ही वावरात रोजच करत होतो. उघड्या अंगानं फवारणी, तोंडाले साधा दुपट्टा, पंप पाठीवर गळून राहिला तरी गळू दे. एकदा धुऱ्यावरच उलट्या करत पडलो, तुझ्या काकूनं बंडीत टाकून घरी आणलं. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, मारलेला फवारा अंगावरच येत होता, विषबाधेनं वीसच्या वर शेतकरी-मजूर गेले. त्यात कुठली आली डेअरिंग? मजुरी बुडवता येत नव्हती, बस.

आता तुझं बरोबर असलेलं अर्धं. मी सातव्या वर्षी विहिरीत पोहायले शिकलो. पाठीवर तेलाचा रिकामा पिपा, तोंड डाग देऊन बंद केलेला, कमरेले दोर अन् दोराचं दुसरं टोक मामाच्या हातात. पहिल्या दिवशी पायरीवर बसून नुसते पाय बुडवले, चार दिवसांनी उडी, अन् एक दिवस मामानं न सांगताच दोर ढिला सोडला, मले समजलं तेव्हा मी विहिरीच्या मधोमध होतो. आता मायबाप पोराले विहिरीजवळच जाऊ देत नाहीत, त्यांचं तरी काय चुकलं म्हणा, एकुलतं एक असते. पण तोच पोट्टा विसाव्या वर्षी दोस्तांसंग धरणावर जाते, रील काढायले पाण्यात उतरते, अन् पोहता तर येतच नाही.

चंद्रपूरच्या आश्रमशाळांतले पोट्टे 2018 मध्ये एव्हरेस्टवर गेले ना, मिशन शौर्य. आधी किती महिने ट्रेनिंग, मग दोर, ऑक्सिजन सगळं घेऊन. दहापैकी पाच माथ्यावर पोचले. बाकीच्या पाचांले भित्रे म्हणशील काय?

गाडी घेऊन एकटा मेळघाटात जायचं म्हणतो तर जा, बाबाशी मी बोलतो. फक्त आधी दिवसाउजेडी परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट दोन-तीनदा चढून-उतरून पाह्य, हेल्मेट घालून, मग पुढचं.

अन् पोहता तुलेही येत नाही, मले माहीत आहे. दिवाळीत ये, सकाळी विहिरीचं पाणी कोमट राहते. पिपा शोधून ठेवतो, दोर धरायले मी आहो.

तुझा काका