जोडलेल्या केसांविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात केसांच्या एक्स्टेन्शनचा ओझरता उल्लेख आला आणि त्यावर ठाणे व नवी मुंबईतून बरीच पत्रे आली. त्यांपैकी काही पत्रांना येथे उत्तर देत आहे. अनेकींच्या शंका सारख्याच असल्याने त्या एकत्र केल्या आहेत.

माझे केस खांद्यापर्यंत आहेत. डिसेंबरमध्ये लग्न आहे. साखरपुडा, हळद आणि लग्न अशा तीन दिवसांसाठी लांब केस हवे आहेत. पार्लरमध्ये मला ‘कायमस्वरूपी’ केरॅटिन बाँड सुचवले आहेत. ते करून घ्यावेत का?
— एक वाचक, नेरुळ

तीन दिवसांच्या हौसेसाठी तीन-चार महिने डोक्यावर भार वागवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. केरॅटिन बाँडच्या पद्धतीत साधारण अर्धा ते एक ग्रॅम वजनाची एकेक बट घेऊन तिच्या टोकावरचा चिकट पदार्थ गरम चिमट्याने वितळवतात आणि ती तुमच्या केसांच्या तेवढ्याच बारीक बटेला जोडतात. संपूर्ण डोक्यासाठी अशा शंभर-दीडशे बटा लागू शकतात. ‘कायमस्वरूपी’ हा शब्द येथे फसवा आहे, कारण आपले केस महिन्याला सुमारे १ ते १.२५ सेंटिमीटर वाढतात, त्यांच्याबरोबर तो जोडही मुळापासून खाली सरकत जातो, तेथे गुंता होऊ लागतो आणि अखेर जोड काढावाच लागतो.

तुमच्यासाठी क्लिप लावायचे केस पुरेसे आहेत. सकाळी लावावेत आणि झोपण्यापूर्वी काढून ठेवावेत. लग्नाच्या दिवशी केवळ वेणी किंवा खोपा घालायचा असेल, तर तेवढ्याचीही गरज नाही. आपल्या आज्यांचे गंगावण अजूनही मिळते आणि माझ्या अनुभवात नऊवारीवरच्या खोप्याला त्याच्याइतके शोभणारे दुसरे काही नाही. ते वेणीच्या पेडांतच गुंफले जात असल्यामुळे त्याचा भार एका ठिकाणी न पडता साऱ्या केसांवर वाटला जातो. क्लिपचे केस प्रामुख्याने मोकळ्या केसांसाठी घ्यावेत.

क्लिप लावताना मानेजवळून आरंभ करून वर जावे. जेथे क्लिप बसवायची तेथील केसांचे मूळ कंगव्याने किंचित उलटे विंचरून घेतले, की पकड घट्ट बसते. कपाळाची आणि कानशिलांची कडा बोटभर सोडावी आणि टाळूवरचा वरचा थर मोकळा ठेवावा, म्हणजे जोड दिसत नाहीत. रंग दुकानातल्या दिव्याखाली न पाहता उजेडात येऊन पाहावा आणि तो आपल्या केसांच्या शेंड्यांशी जुळवावा, मुळांशी नव्हे, कारण जोडलेले केस मिसळतात ते शेंड्यांतच. हळदीच्या दिवशी मात्र ते घरीच ठेवावेत. फिकट रंगाच्या केसांवर पडलेला हळदीचा डाग सहजी निघत नाही.

‘शंभर टक्के मानवी केस’ असे लिहिलेला संच मी घेतला. आरंभी ते रेशमासारखे होते, परंतु तिसऱ्या धुण्यानंतर त्यांचा अक्षरशः गोळा झाला. दुकानदार म्हणतो की केस खरेच आहेत. मग असे का झाले?
— एक वाचक, कोपरी, ठाणे

दुकानदार खोटे बोलत नसेलही, पण त्याने पूर्ण सत्य सांगितलेले नाही. केसाच्या पृष्ठभागावर कौलारू छपरावरच्या कौलांप्रमाणे एकावर एक बसलेले सूक्ष्म खवले असतात आणि त्यांची टोके नेहमी मुळाकडून शेंड्याकडे वळलेली असतात. डोक्यावरचे सगळे केस एकाच दिशेने वाढत असल्यामुळे हे खवले एकमेकांत अडकत नाहीत. ज्या केसांत मूळ-शेंड्याची ही दिशा कापल्यापासून जोडेपर्यंत सांभाळलेली असते आणि खवलेही शाबूत असतात, त्यांना व्यवसायात ‘रेमी’ केस म्हणतात. तिरुमला येथे भाविकांनी अर्पण केलेले आणि देवस्थानाने ई-लिलावाने विकलेले लांब केस या दर्जासाठी ओळखले जातात.

दुसरा कच्चा माल म्हणजे गुंतवळ, म्हणजे विंचरताना गळून कंगव्यात गुंतलेले केस. आपल्या लहानपणी गुंतवळाच्या बदल्यात भांडी किंवा फुगे देणारे फेरीवाले दारावर येत असत आणि काही भागांत ते आजही येतात. तो गुंतवळ सोडवून, विंचरून, लांबीनुसार लावून पुन्हा बाजारात येतो. तेही मानवी केसच आहेत, परंतु त्यांत कोणाचे मूळ वर तर कोणाचे खाली असल्याने खवले एकमेकांत रुततात. ते टाळण्यासाठी केस आम्लात बुडवून खवले काढून टाकतात आणि वर सिलिकॉनचा लेप देतात. तुम्हाला जाणवलेला रेशमी स्पर्श बहुधा त्या लेपाचा होता. काही धुण्यांत लेप उतरला आणि खाली उरले ते सोललेले, कोरडे केस. त्यांना पूर्ववत करणारे कोणतेही तेल किंवा क्रीम माझ्या माहितीत नाही. कंडिशनर लावून शेंड्यांकडून हळूहळू गुंता सोडवावा आणि पुढे ते केवळ अंबाड्यात वापरावेत.

पुढच्या खरेदीच्या वेळी एक बट चिमटीत धरून बोटे आधी मुळाकडून शेंड्याकडे आणि मग उलट दिशेने फिरवून पाहा. खवले शाबूत असतील, तर उलट दिशेने किंचित खरखर लागते. दोन्ही बाजूंनी सारखेच गुळगुळीत लागणाऱ्या केसांविषयी शंका घ्यावी. एखादा केस जाळून पाहण्याची युक्ती अनेकींना ठाऊक असते. जळलेल्या पिसांसारखा वास आणि चुरगळणारी राख म्हणजे खरा केस, तर वितळून झालेली कडक गुठळी म्हणजे कृत्रिम धागा. मात्र त्यातून रेमी आणि गुंतवळ यांतला फरक कळत नाही.

येथे मनातले एक सांगावेसे वाटते. देवाला वाहिलेल्या केसांसाठी भाविकाला कोणी मोबदला देत नाही. आपल्या डोक्यावर येणाऱ्या त्या केसांमागे कोणाचा तरी फिटलेला नवस असू शकतो, हे लक्षात ठेवून ते जपून वापरावेत आणि धसमुसळेपणाने ओढून तोडू नयेत.

ऐरोलीहून ठाण्याला मी रोज लोकलने जाते. दोन महिन्यांपूर्वी टेपचे केस लावले. रविवारी डोक्याला खोबरेल तेल लावण्याची सवय आहे. आता पट्ट्या सुटू लागल्या आहेत आणि लावलेले केस राठ झाले आहेत. तेल कमी पडते आहे का?
— एक वाचक, ऐरोली

तेल मुळांपाशी जास्त आणि शेंड्यांपाशी कमी पडते आहे. टेपच्या पद्धतीत तुमच्या केसांचा अगदी पातळ थर दोन चिकट पट्ट्यांच्या मध्ये दाबून बसवतात. तेलाने तो चिकटपणा सुटतो. टेप काढण्यासाठी वापरले जाणारे काही द्रावही तेलयुक्तच असतात, म्हणजे दर रविवारी तुम्ही ते काढण्याचीच तयारी करत होता. उलट जोडलेल्या केसांना टाळूतून पाझरणारे नैसर्गिक तेल मिळत नाही, कारण त्यांचे मूळ तुमच्या त्वचेत नाही. म्हणून ते आधी कोरडे पडतात. टेप असेपर्यंत जोडाच्या चार बोटे खालूनच तेलाचे दोन-चार थेंब किंवा कंडिशनर लावावे. डोकेभर तेल लावण्याची हौस टेप काढल्यानंतर आणि पुन्हा बसवण्यापूर्वीच्या दिवसांत पूर्ण करावी. मात्र नव्याने बसवताना केस तेल व कंडिशनर यांचा अंशही न राहील असे धुतलेले असावेत आणि त्यानंतर ४८ तास ते भिजवू नयेत.

तसेही दोन महिने झाले असल्याने पट्ट्या वर घेण्याची वेळ आलीच आहे. सहा ते आठ आठवड्यांनी हे काम करून घ्यावे लागते. तुमच्या सोसायटीत बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी येत असेल, तर त्यातील क्षार केसांवर बसून राठपणा वाढवतात. शेवटचे पाणी तरी महापालिकेचे घ्यावे. लोकलच्या गर्दीत मोकळे केस पर्सच्या साखळीत अडकून ओढले जातात, म्हणून प्रवासात सैल वेणी घालावी. पावसाळ्यात ओले केस कधीही बांधू नयेत, कारण पट्ट्यांखाली ओल राहिली की खाज सुटते आणि बुरशीचा संसर्ग होऊ शकतो.

जोडलेले केस घेऊन पोहता येते का?
— एक वाचक, वाशी

टाळलेले बरे. पोहायचेच असेल, तर केस आधी साध्या पाण्याने भिजवून, वेणी घालून टोपीत ठेवावेत आणि नंतर लगेच धुवावेत.

माझे बाळ सहा महिन्यांचे आहे. कानशिलांजवळचे केस फार विरळ झाले आहेत. तेथे दाटपणासाठी केस जोडून घ्यावेत का?
— एक वाचक, खारघर

कृपया आता जोडू नका. बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी पुष्कळ केस एकदम गळतात आणि बहुतेक स्त्रियांच्या बाबतीत बाळाच्या पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास ते भरून येतात. आज तुमच्या कानशिलांवर कदाचित बोटाच्या पेराएवढे नवे केस उगवत असतील. त्या कोवळ्या केसांना दुसऱ्याच्या केसांचे वजन टांगणे म्हणजे रोपाला दोरीने ओढण्यासारखे आहे. सततच्या ताणाने होणारी केसगळती नेमकी याच जागी आधी दिसते. ताण लवकर थांबवला तर केस परत येतात, परंतु वर्षानुवर्षे ओढ बसत राहिली तर मुळे कायमची निकामी होतात. डोके दुखणे, मुळाशी बारीक पुटकुळ्या येणे ही तिची आरंभीची चिन्हे आहेत. पार्लरमध्ये ‘दोन दिवसांत सवय होईल’ असे सांगितले जाते, पण दुखणारा जोड त्याच दिवशी काढून घ्यावा. तुम्ही त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून लोह व थायरॉइड यांच्या तपासण्या आवश्यक आहेत का, हे विचारावे. तोवर भांग बदलावा आणि केस सैल बांधावेत.

टेपचे केस मी घरीच ओढून काढले. सोबत मूठभर केस आले. माझे नुकसान झाले का?
— एक वाचक, वर्तकनगर, ठाणे

ओढून काढणे चूकच होते. परंतु आलेले सगळे केस त्यामुळेच तुटले असे समजू नका. दररोज ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक असते. जोडात अडकलेले केस गळूनही खाली पडत नाहीत, तेथेच साठून राहतात. आठ आठवड्यांचा हा साठा एकदम हातात आला, की जीव घाबरतो. त्यांतले काही केस पांढऱ्या कागदावर ठेवून नीट पाहा. टोकाला बारीक पांढरी गाठ असेल, तर त्यांतले बरेचसे केस नैसर्गिकपणे गळलेले असावेत. टोक नुसतेच तुटलेले असेल, तर ती मोड आहे. टाळूवर लालसर, दुखरी किंवा उघडी जागा दिसत असेल, तर घरगुती उपाय न करता डॉक्टरांकडे जावे.

यापुढे टेप काढताना त्याचे खास द्रावण पट्टीच्या कडेने आत जिरू द्यावे, काही मिनिटे थांबावे आणि पट्टी आपोआप सरकू लागली तरच ती उचलावी. अडली, तर पुन्हा द्रावण लावावे. केरॅटिनचे जोड मात्र घरी काढू नयेत. ते द्रावणाने मऊ करून पकडीने चुरडावे लागतात आणि डोक्याच्या मागच्या बाजूला हे स्वतःच्या हाताने जमत नाही. पुन्हा केस जोडण्यापूर्वी निदान महिनाभर तरी टाळूला मोकळे ठेवा.