पाळी लांबली की मुलीलाच बोल का?

स्त्री-आरोग्य : वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

प्रश्न : माझी मुलगी २३ वर्षांची आहे. पाळी दोन-अडीच महिन्यांनी येते, हनुवटीवर राठ केस येतात. सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयांत ‘गाठी’ आणि पीसीओडी असं लिहून आलं. घरात सगळे तिच्या जागरणाला आणि बाहेरच्या खाण्याला दोष देतात. पण ती जाड नाही; उंची १५५ सेंटिमीटर, वजन ५२ किलो. तिच्या वडिलांना मधुमेह आहे. मग हे झालं कशामुळे? – एक आई, सांगली

उत्तर : तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा धागा वडिलांच्या मधुमेहाचा आहे. पीसीओएसची (सोनोग्राफीच्या कागदावर ज्याला पीसीओडी लिहितात त्याच विकाराची) प्रवृत्ती मुळात घराण्यातून येते, आणि ती आईकडूनच येते असं नाही. जागरण, बैठं काम, अरबट-चरबट खाणं यांनी ती बळावते. पण ज्या शरीरात ती नाही तिथे नुसत्या जागरणानं पीसीओएस होत नाही. तेच खाणाऱ्या, तेवढंच जागणाऱ्या तिच्या मैत्रिणींची पाळी वेळेवर येते, ती याचमुळे.

आधी त्या ‘गाठीं’बद्दल. त्या गाठी नाहीत, वाढ अर्ध्यावर थांबलेले बीजकोश आहेत. दर महिन्याला काही बीजकोश वाढू लागतात, त्यातला एक साधारण २० मिलिमीटरचा होऊन फुटतो आणि स्त्रीबीज बाहेर पडतं. पीसीओएसमध्ये ते ९ मिलिमीटरच्या आतच अडकतात आणि अंडाशयाच्या कडेला मोत्यांच्या माळेसारखे दिसतात. ते कॅन्सरचं लक्षण नाही, आणि ऑपरेशन करून ‘गाठी काढून टाका’ हा त्यावरचा उपायही नाही.

ते अडकतात का? बीजकोशाच्या बाहेरच्या थरात थोडी पुरुषी संप्रेरकं प्रत्येकच स्त्रीत तयार होतात आणि आतला थर त्यांचं इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक करतो. बाहेरच्या थराला कामाला लावतं ते मेंदूकडून येणारं एलएच नावाचं संप्रेरक. इन्सुलिन जास्त झालं की तेही त्याच थराला चाबूक मारतं. खरी गोम इथेच आहे. स्नायू आणि यकृत इन्सुलिनला दाद देईनासे होतात, म्हणून स्वादुपिंड ते आणखी ओततं. अंडाशय मात्र त्याला दाद देतच राहतं. शिवाय पुरुषी संप्रेरकांना रक्तात बांधून ठेवणारं प्रथिन यकृतात बनतं, तेही वाढलेल्या इन्सुलिनमुळे कमी पडतं. बांधलेलं सुटं झालं की हनुवटीवर केस, मुरुमं आणि डोक्यावरचे केस विरळ होणं सुरू होतं. बीज सुटत नाही म्हणून पाळी लांबते.

आता ‘जाड नाही’ याबद्दल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये लंडनच्या प्रा. यूडकिन यांच्यासोबतचा स्वतःचा फोटो प्रसिद्ध केला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा) अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र यूडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. काटा सारखंच वजन दाखवतो, पण आपल्या अंगात स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते. पुण्याजवळच्या खेड्यांमधल्या नवजात बाळांतही, वजन कमी असूनही तुलनेनं चरबी जास्त आढळली. तेव्हा मुलीची कंबर मोजा : शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर, कपड्यावरून नव्हे, सहज श्वास सोडल्यावर. ८० सेंटिमीटर किंवा जास्त भरली, किंवा मानेच्या मागे मळ नसताना काळपट मखमली पट्टा दिसला, तर इन्सुलिनचं बिनसलंय असं धरून चाला.

म्हणून तिच्या बाबतीत वजन उतरवण्यापेक्षा स्नायू वाढवणं मोलाचं. आठवड्यातून निदान दोन दिवस बैठका, वजन उचलणं, जिने चढणं. त्याशिवाय आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेल असं चालणं. ताटात भात किंवा पोळीचा वाटा कमी करून उसळ, डाळ, अंडं, ताक वाढवा. उपाशी ठेवू नका. फार कमी खाण्यानंही पाळी थांबते. कोणाचं वजन जास्त असेल तर ते ५ ते १० टक्के उतरलं, म्हणजे ७० किलोचं ६५ झालं, तरी पुष्कळदा पाळी सुधारते.

प्रश्न : आमच्या आजी-पणजीला हे नव्हतं. हा आजच्या जगण्याचाच आजार नाही का? – वाचक, कोल्हापूर

उत्तर : शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी सात स्त्रियांमध्ये याचं वर्णन केलं ते १९३५ मध्ये. आजीच्या काळी सोनोग्राफी नव्हती. पाळी लांबणारी ‘अंगानेच तशी’ म्हणून सोडून दिली जायची आणि मूल न होणारीच्या माथी वांझपणा मारला जायचा. जातं, विहीर आणि शेत यांत स्नायू राबत, त्यामुळे प्रवृत्ती असूनही अनेकींत ती दबून राहत असणार. आज ती उघडी पडते, एवढा फरक नक्की.

प्रश्न : मुलगी १४ वर्षांची, पाळी येऊन दीड वर्ष झालं. ४० दिवसांनी येते. सोनोग्राफीत पीसीओडी निघालं. – पालक, ठाणे

उत्तर : तिला हे लेबल लावू नका. पाळी सुरू झाल्यापासून पहिली ८ वर्षं सोनोग्राफीवरून हे निदान करू नये, कारण त्या वयात निरोगी अंडाशयातही पुष्कळ बीजकोश दिसतात. पहिली तीन वर्षं ४५ दिवसांपर्यंतचं अंतर चालतं. एकदाही ९० दिवसांच्या वर गेलं, किंवा राठ केस झपाट्यानं वाढले, तर दाखवा.

प्रश्न : उपाशीपोटीची साखर ठीक आहे, तरी डॉक्टर इन्सुलिनचा दोष म्हणतात. मग नेमक्या कुठल्या तपासण्या करू? – वाचक, नागपूर

उत्तर : स्वादुपिंड जास्त इन्सुलिन ओतून साखर सांभाळतंय, तोवर उपाशीपोटीची साखर नॉर्मलच दिसणार. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर बघा. १४० ते १९९ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. रक्तातलं इन्सुलिन मोजण्यावर मात्र पैसे घालवू नका, त्यावरून निदान ठरत नाही.

पीसीओएसच्या निदानासाठी अनियमित पाळी, वाढलेली पुरुषी संप्रेरकं आणि सोनोग्राफीतलं चित्र, या तिन्हींपैकी दोन गोष्टी हव्यात. त्याआधी टीएसएच, प्रोलॅक्टिन आणि १७-ओएचपी या संप्रेरकांच्या रक्ततपासण्या बघून थायरॉइड वगैरे दुसरी कारणं बाजूला सारावी लागतात. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक तपासायचं तर गर्भनिरोधक गोळ्या बंद होऊन तीन महिने झालेले असावेत, नाहीतर आकडा खोटा दिलासा देतो. फिट्ससाठी सोडियम व्हॅल्प्रोएट चालू असेल तर ते जरूर सांगा; त्यानंही असंच चित्र उभं राहतं. पण ती गोळी आपल्या मनानं थांबवू नका.

प्रश्न : गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना पाळी वेळेवर येते, बंद केल्या की पुन्हा लांबते. गोळ्यांनीच बिघडलं का? – वाचक, पणजी

उत्तर : नाही. गोळ्या एलएच दाबतात आणि तेवढ्यापुरता रक्तस्राव वेळेवर आणतात. मूळ प्रवृत्ती तशीच राहते, म्हणून थांबवल्यावर ती पुन्हा दिसते. तरी गोळ्यांचं एक काम मोठं आहे. बीज सुटत नाही तेव्हा अस्तराला आवर घालणारं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक बनत नाही आणि गर्भाशयाचं अस्तर नुसतं जाड होत जातं; वर्षानुवर्षं असं राहिलं तर कॅन्सरचा धोका वाढतो. गोळ्या ते जाड होऊ देत नाहीत. गोळ्या सोडल्यावर ९० दिवस पाळी आली नाही, तर आधी गरोदरपणाची तपासणी करा. ती निगेटिव्ह आली की डॉक्टरांकडून प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या घेऊन ते अस्तर पडू द्या, चौथ्या महिन्याची वाट बघू नका.