सबनॉटिका: सायक्लॉप्स राहू दे, आधी सीमॉथ

सबनॉटिका या समुद्राखालच्या व्हिडिओ गेममध्ये थेट सायक्लॉप्स (मोठी पाणबुडी) बनवायच्या मागे असशील, तर तो नाद सध्या सोड. पहिली गाडी सीमॉथच (छोटी पाणबुडी). तिचा आराखडा मिळवायला तिचे ३ तुकडे स्कॅन करावे लागतात. लाल गवताच्या पठारावर जहाजाचे अवशेष पडलेत, तिथे शोध.

सामान:
- मोबाइल व्हेइकल बे (गाडी बांधायचं तरंगतं यंत्र, हे आधी लागतं): टायटॅनियम इनगॉट (लादी) १, ल्युब्रिकंट १, पॉवर सेल १
- सीमॉथ: हेच तिन्ही पुन्हा, वर काच २ आणि शिसं १

एका इनगॉटला १० टायटॅनियम, म्हणजे दोन्हींना मिळून २०. नवखे अडकतात ते शिशापाशी. चुनखडीचे दगड कितीही फोड, त्यातून शिसं निघणार नाही. सँडस्टोन फोडावा लागतो.

सीमॉथ २०० मीटरपर्यंतच तग धरते. त्याखाली गेलास की दाबाने चेपायला लागते. इशारा आला की गुमान वर ये. ‘अजून दहाच मीटर’ म्हणणाऱ्यांच्या गाड्या तळाशी जातात. रिपेअर टूल कायम जवळ ठेव, वर येऊन थांब, बाहेर पड आणि डागडुजी कर.

आणि हो, खेळात नकाशा नाही. कामाच्या जागी बीकन, म्हणजे जागा दाखवणारी खूण, टाक (१ तांबं, १ टायटॅनियम) आणि त्याला लगेच नाव दे, नाहीतर दहा बीकन सारखेच दिसतात. डेप्थ मॉड्यूल (आणखी खोल जायला), मूनपूल (तळावर गाडी लावायची जागा) वगैरेंचं गाडी हातात आल्यावर विचार.