गजराच्या दहा मिनिटं आधी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. "सध्या कामाचा रगाडा आहे, जरा मोकळा झालो की घरच्यांना वेळ देईन," या वाक्यापाशी मी अडखळलो. तिशीत असताना मीही हेच लिहिलं होतं, जवळपास याच शब्दांत.

एक हिशेब मांडून बघ. वर्षातून दोनदा घरी जातोस, चार-चार दिवस. म्हणजे वर्षाचे ८ दिवस. आईवडिलांना अजून २० वर्षं ठणठणीत मिळोत, तरी ते होतात १६०. सव्वापाच महिने. त्यातून झोप आणि हातातला मोबाइल वजा कर. '२० वर्षं' म्हटलं की आपण निर्धास्त असतो, '१६० दिवस' म्हटलं की सावरून बसतो. आकडा तोच.

माझी गोष्ट सांगतो. परीक्षेच्या दिवसांत मी पहाटे साडेचारचा गजर लावून झोपायचो. तो वाजलेला मात्र मला एकदाही आठवत नाही. दर वेळी कपाळावर वडिलांचा खरखरीत तळवा यायचा आणि हळूच आवाज, "ऊठ, वेळ झाली." मला वाटलं घड्याळ बिघडलंय. चिडचिड करून ते दुरुस्तीलाही टाकलं. दुरुस्त करणारा म्हणाला, यात काहीच बिघाड नाही. वडील गेल्यावर सहा-सात महिन्यांनी आई बोलता बोलता म्हणाली, "गजरानं तू दचकायचास ना, म्हणून ते दहा मिनिटं आधी उठून खटका दाबून ठेवायचे." अशी तीन वर्षं! आणि मी त्यांच्यासमोर घड्याळाच्या नावानं बोटं मोडत होतो.

म्हणून सांगतो, "तुमचे फार उपकार आहेत" असं मोघम बोलू नकोस. त्यावर समोरच्यानं म्हणायचं तरी काय? एकच नेमकी गोष्ट सांग. कुठली, कधीची, आणि तुला तेव्हा काय वाटलं ते.

संकोच वाटेल, माहीत आहे. पण त्या संकोचाचं फार मनावर घेऊ नकोस. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी २०१८मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांकडून कृतज्ञतेची पत्रं लिहून घेतली होती. वाचणारा अवघडून जाईल, असं लिहिणाऱ्यांना वाटलं होतं. प्रत्यक्षात वाचणारे त्यांच्या अंदाजापेक्षा कमी अवघडले आणि जास्त सुखावले. शब्द नीट जमले का, ही काळजी लिहिणाऱ्यालाच असते. वाचणाऱ्याला त्यातला जिव्हाळा दिसतो.

सगळीच घरं मायेची नसतात, हेही मला ठाऊक आहे. ज्यानं खोल दुखावलं त्याचे आभार मान, असं मी कुणालाच सांगणार नाही. तुझ्या घरचं तसं नाही, म्हणून एवढं लिहितोय.

वडील फोनवर 'हो हो' म्हणतात आणि भलतंच उत्तर देतात, अशी तुझी तक्रार आहे. वयामुळे ऐकू येणं कमी होतं तेव्हा बहुधा उंच पट्टीचे आवाज आधी जातात. मग स, श, फ असली अक्षरं निसटतात. कुणी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. पुन्हा पुन्हा 'काय?' विचारायची लाज वाटते म्हणून माणूस 'हो' म्हणून मोकळा होतो. ओरडू नकोस, त्यानं शब्द आणखी फाटतो. सावकाश, सुटं बोल. आणि एकदा कान तपासून घ्यायला स्वतः बरोबर जा.

येत्या रविवारी त्यांना एवढंच विचार : मी लहान असताना तुम्ही माझ्यासाठी काय करायचात, जे मला अजून माहीत नाही? "काही नाही रे, विशेष काय," असं म्हणतील. तेव्हा फोन ठेवू नकोस. जरा थांब.

तुझा,
काका