प्रोफायलरच्या फाइलचा हेडर ठरवताना

अरे, हेडरमधल्या (फाइलच्या सुरुवातीच्या माहितीच्या भागातल्या) फील्डची यादी नंतर कर, आधी हे धरून चल की तुझ्या प्रोफायलरची (प्रोग्रामचा वेळ कुठे जातो ते मोजणाऱ्या साधनाची) फाइल कधीतरी जुना रीडर उघडणारे आणि त्याला तुझी नवी फील्ड माहीतच नसणार, म्हणून सुरुवातीला ८ बाइटचा मॅजिक (फाइलचा प्रकार ओळखायची ठरलेली खूण), लगेच हेडरची साइज, मग प्रत्येक सेक्शनचा ऑफसेट (तो कितव्या बाइटपासून सुरू होतो) आणि लांबी, दोन्ही ६४ बिटच. लिनक्सच्या पर्फ या प्रोफायलरची फाइल बघ, तिथे असंच आहे, मॅजिकचे बाइट उलटे दिसले की रीडरला कळतं फाइल दुसऱ्या एंडियनच्या (बाइट उलट्या क्रमाने ठेवणाऱ्या) मशिनवरची आहे. जीप्रॉफ या दुसऱ्या प्रोफायलरचा हेडर फक्त २० बाइटचा, तरी त्यातले १२ मोकळे सोडलेत!

स्ट्रक्ट (मेमरीतला फील्डचा गट) जसाच्या तसा डिस्कवर लिहू नकोस हं. ३२ बिटच्या फील्डनंतर ६४ बिटचं ठेवलंस तर ६४ बिट लिनक्सवर मधे ४ बाइट पॅडिंग (रिकामी जागा) येतं, ३२ बिट एक्स८६ वर येत नाही, आणि मग पुढचं सगळं सरकतं.

डेटाची साइज रेकॉर्डिंग संपल्यावरच कळते, म्हणून आधी शून्य लिही. प्रोग्राम मधेच मेला तर शून्यच राहणार, तेव्हा रीडरने फाइल फेकून न देता जमेल तेवढं वाचावं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण क्रॅशच्या वेळचाच डेटा तर हवा असतो.

घड्याळ कुठलं वापरलं तेही लिही. तू इंदूरला विजयनगरात बसून परदेशातल्या सर्व्हरचं प्रोफाइल बघणार, तर मोनोटॉनिक वेळ (कधी मागे न जाणारी, पण तारीख न सांगणारी) आणि त्याच क्षणाची यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), अशी एक जोडी हेडरमधे हवीच.

लिहून झालं की हेक्सडंप (फाइलचे बाइट हेक्स आकड्यांत छापून) पाठव, पहिले ६४ बाइट पुरेत.