गुटी द्यायची नाही, पण आईला काय सांगू?

"ताई, गोळी मी रोज घेईन. बाळंतपणही दवाखान्यातच करीन. पण आईनं गुटी उगाळायला घेतली की तिला काय सांगू?"

सविता (नाव बदललंय) हे विचारायला आली तेव्हा तिला सातवा महिना होता. आदल्या आठवड्यात ओटीभरण झालं होतं, हातातला हिरवा चुडा अजून नवा होता. आमच्या ग्रामीण रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, चौथ्या महिन्यात तिची एचआयव्ही तपासणी झाली आणि रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. नवऱ्याला बोलावून घेतलं, तोही पॉझिटिव्ह निघाला. दोघांचे उपचार सुरू झाले. घरात त्या दोघांशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. आणि पहिलं बाळंतपण म्हणजे माहेरी जाणं आलंच.

बाळाला लागण होईल का, हा प्रश्न सगळ्याच विचारतात. त्याचं उत्तर आता बरंच धीराचं आहे. काहीच उपचार नसतील तर शंभरातल्या 15 ते 45 बाळांना आईकडून लागण होऊ शकते. आईची गोळी नियमित असेल आणि बाळाला जन्मापासून नेव्हिरपीनचं औषध मिळालं, तर ते प्रमाण 5 टक्क्यांच्या खाली आणता येतं. खरी अडचण असते ती गोळी आणि बाळ यांच्यामध्ये उभ्या असलेल्या घराची.

सविताला मी गोळीचं गणित आधीच घालून दिलं होतं. एचआयव्हीची गोळी रात्री झोपताना, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या दिवसा, जेवणासोबत. कारण एकत्र घेतल्या तर हिचा परिणाम कमी होतो. बाटलीवरचा कागद तिनं स्वतःच खरवडून काढला. गरोदर बाईच्या पिशवीत इतक्या गोळ्या असतात की एक जास्त दिसली तर कोण विचारणार? माहेराजवळच्या केंद्रात तिचं नाव कळवून औषधाची सोय लावली. राहिली ती गुटी.

वरचं काही का चालत नाही, तेही सांगते. पहिले सहा महिने आईचं दूध आणि त्याबरोबर मध, पाणी, गुटी, गाईचं दूध असं मिसळून दिलं, तर तान्ह्या बाळाच्या आतड्याचं नाजूक अस्तर दुखावतं आणि विषाणूला वाट मिळते. आई औषधावर असताना नुसतं अंगावरचं दूध त्यापेक्षा पुष्कळ सुरक्षित. आणि गावात पहिल्या दिवसापासून बाळाला पाजायचंच नाही म्हटलं, तर संध्याकाळपर्यंत गल्लीभर चर्चा.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका बाईला ठणकावून सांगितलं होतं, "गुटी बंद म्हणजे बंद." तिनं मान हलवली. सहाव्या आठवड्यात बाळाला घेऊन आली तेव्हा कळलं, आजी रोज पहाटे गुटी चाटवत होती आणि हिला अडवता आलं नव्हतं. अडवणार कशी? कारण सांगायची सोय मी तिला दिलीच नव्हती. ते बाळ पुढे निगेटिव्ह निघालं, पण ते दीड वर्ष मला कसं गेलं ते मलाच माहीत.

म्हणून सविताला म्हटलं, "न्यायला आई येईल ना, तिला माझ्याकडे घेऊन ये. तुझ्या आजाराचा एक शब्दही निघणार नाही." 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं तर तिच्या संमतीशिवाय मला तो काढताच येत नाही.

आई आली. नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू, नजर चौकस. मी मनाई काढलीच नाही. विचारलं, "मावशी, तुमच्याकडे गुटीत काय काय असतं?" मावशींचा चेहरा खुलला. बोटांवर मोजत सांगू लागल्या: वेखंड, जायफळ, हळकुंड, बाळहिरडा, मुरडशेंग, ज्येष्ठमध. कशाचे सहाणेवर किती वेढे, तेही. मी लिहून घेत होते. मग विचारलं, "उगाळायला पाणी कुठलं?"

"बोअर आटलीया. आता टँकरचंच की." आणि स्वतःच थांबल्या. "त्या पाण्यानं माझ्या नातवाला गेल्या साली जुलाब झालं हुतं."

तेवढी फट मला पुरे होती. "म्हणूनच आता सगळ्याच बाळांना सहा महिने फक्त आईचं दूध सांगतात. पाण्याचा थेंबही नाही. तुमच्या गावच्या आशाताईही हेच सांगतील."

यात खोटं काही नव्हतं. एचआयव्ही असलेल्या आईला जे सांगायचं तेच प्रत्येक आईला सांगायचं असतं, मग वेगळं कारण लागतच नाही. ही साधी गोष्ट लक्षात यायला मला एक फसलेली केस लागली.

मावशी सहज ऐकतील थोड्याच! "आमी काय लेकरं वाढीवली न्हाईत?" म्हणाल्याच. मी म्हटलं, "वाढवलीत म्हणून तर काम तुमच्यावर सोपवतेय. दूध हिचं, पण ते येण्यासाठी हिला खायला घालायचं तुम्ही." मग अळीवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपूची भाजी यांवर बोलणं गेलं आणि गुटी बाजूला पडली. जाताना म्हणाल्या, "शेजारणी इचारतील, त्यांना मी बघते." बाळाला रोज द्यायचं औषध दवाखान्यातून मिळेल, चुकवायचं नाही, एवढंही मी त्यांना सांगून ठेवलं.

बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी सविता मुलीला घेऊन आली, सोबत मावशी. तपासणीसाठी बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन कार्डावर वाळवतात. मावशी बाहेर बाकावर दुपटं घडी करत बसल्या होत्या. आत सविता कार्डावरचे ते गोल ठिपके बघत राहिली. म्हणाली, "पाचवीला आईनं सटवाईपुढे कोरा कागद ठेवला होता. त्यावर काही दिसलं नाही."

तो रिपोर्ट निगेटिव्ह आला. पुढच्या तपासण्या सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, शेवटची अठराव्या महिन्यात. परवा तिचा फोन आला होता, मुलीला सहावा सरत आलाय. मागून मावशींचा आवाज: "इचार गं तिला, आता वरणाचं पाणी दिलं तर चालंल का?"

"नुसतं पाणी नको मावशी," मी म्हटलं, "सहावा पुरा झाला की चांगला घट्ट वरण-भात मऊ कुस्करून द्या. आणि अंगावरचं दूध चालूच ठेवा."